पहिला टू-वे स्पीकर: क्रॉसओव्हर मोजणीवरून बसवा

क्रॉसओव्हर म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी वूफरला आणि वरच्या ट्वीटरला वाटून देणारं सर्किट. त्याचे तयार तक्ते ड्रायव्हरला (म्हणजे वूफर किंवा ट्वीटरला) ८ ओहमचा साधा रेझिस्टर धरतात. खऱ्या वूफरचा इंपीडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) रेझोनन्सला, म्हणजे त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या फ्रिक्वेन्सीला, कित्येक पटींनी चढतो, मग उतरतो आणि व्हॉइस कॉइलमुळे वरच्या फ्रिक्वेन्सीला पुन्हा चढत जातो. म्हणून तक्त्यातली कॉइल लावली की वूफर हवा तिथे कापला जात नाही आणि आवाज २-३ किलोहर्ट्झला कानाला बोचतो. आधी पेटी, मग मोजणी, शेवटी क्रॉसओव्हर हा क्रम सोडू नका.

साडेसहा इंची वूफर, एक इंची डोम ट्वीटर आणि बंद पेटी घ्या. पोर्टची (हवेसाठी नळी असलेली) पेटी बास खाली नेते, पण आकारमानातली थोडी चूक बंद पेटीच पोटात घालते. क्यूटीसी (पेटीत बसवलेल्या वूफरचा रेझोनन्स किती उठतो त्याचा आकडा) ०.७०७ साठी हिशोब असा: ०.७०७ ला डेटाशीटमधल्या क्यूटीएसने (पेटीबाहेरच्या वूफरचा तोच आकडा) भागा, त्याचा वर्ग करा, १ वजा करा आणि व्हीएएसला (वूफरच्या लवचीकपणाइतकी लवचीक हवा किती लिटर, तो आकडा) त्या आकड्याने भागा. व्हीएएस २० लिटर, क्यूटीएस ०.३८ असेल तर ८ लिटरच्या आसपास येतं. वूफरचा चुंबक आणि आतल्या आडव्या पट्ट्या खातील ती जागा वेगळी धरा. १८ मिलिमीटर एमडीएफ पुरतो; सांधे मात्र हवाबंद हवेत.

क्रॉसओव्हर २२०० हर्ट्झला धरला तर तिथली तरंगलांबी सुमारे साडेपंधरा सेंटीमीटर. दोन्ही ड्रायव्हरच्या केंद्रांमधलं अंतर त्याच्या आत ठेवा. ट्वीटरचा रेझोनन्स ११०० हर्ट्झच्या खालीच हवा, नाहीतर मोठ्या आवाजात तो फाटतो.

आता सगळ्यात मोलाचं काम. ड्रायव्हर तुमच्याच पेटीत बसवून आरईडब्ल्यू या आवाज मोजण्याच्या सॉफ्टवेअरने मोजा. ट्वीटर जमिनीपासून १.२ मीटर उंच, माइक त्याच्यासमोर १ मीटरवर. जमिनीवरून परतणारा आवाज साडेचार मिलिसेकंद उशिरा येतो. गेट, म्हणजे मोजणीत धरायचा वेळेचा तुकडा, त्याआधी बंद करा. तेवढ्या गेटमध्ये साधारण २२० हर्ट्झच्या वरचंच विश्वासार्ह असतं. खालचं वूफरच्या शंकूला माइक जवळजवळ टेकवून मोजा आणि जोडा. दोन्ही ड्रायव्हर मोजताना माइक हलवू नका आणि टायमिंग रेफरन्स (दोन्ही मोजण्यांना वेळेची एकच सुरुवात देणारी सोय) चालू ठेवा. तो नसेल तर फेज (दोन्ही ड्रायव्हरच्या लहरींचा वेळेतला मेळ) जुळत नाही आणि पुढचं सगळं सिम्युलेशन खोटं ठरतं. ट्वीटर मोजताना त्याच्या सिरीजमध्ये मोठा कपॅसिटर लावा; चुकून गेलेला बास कॉइल जाळू शकतो. इंपीडन्सही मोजा.

मोजणीच्या या फाइली व्हिट्युइक्सकॅड या क्रॉसओव्हर सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. वूफरला सिरीज कॉइल आणि पॅरलल कपॅसिटर, ट्वीटरला उलट. ट्वीटरच्या आधी आवाज कमी करणारा दोन रेझिस्टरचा एल-पॅड, कारण ट्वीटर बहुधा जास्त जोरात वाजतो. लक्ष्य २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह लिंकविट्झ-रायली, म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी झाली की २४ डीबीने उतरणारा फिल्टरचा एक प्रकार. यातला निम्मा उतार ड्रायव्हरचा स्वतःचा असतो, त्यामुळे इतकेच भाग पुष्कळदा पुरतात. पेटीच्या रुंदीमुळेही पातळी बदलते: ११५ ला मीटरमधल्या रुंदीने भागलं की त्या बदलाचा मध्य मिळतो. २० सेंटीमीटरला ५७५ हर्ट्झ. त्याखालची भरपाई वूफरची कॉइल थोडी मोठी करून होते. एकूण इंपीडन्स ३ ओहमच्या खाली जाऊ देऊ नका.

जोडताना दोन कॉइल एकमेकींना काटकोनात आणि दूर ठेवा, नाहीतर त्या एकमेकींत सिग्नल घालतात. मग ट्वीटरच्या तारा उलट्या लावून पुन्हा मोजा. २२०० ला खोल, सममित खड्डा दिसला तर फेज जुळली आहे. तारा सरळ करा. खड्डा उथळ किंवा एका बाजूला सरकलेला असेल, तर आधी ट्वीटरचा सिरीज कपॅसिटर थोडा कमी-जास्त करून बघा.