विसरलेल्या खेळण्याची २० सेकंदांची फिल्म

माझ्या कापडी सशाचा एक कान मुळाशी उसवलाय. इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून पोट चपटं झालंय. लेकीबरोबर त्याची ॲनिमेशन फिल्म करायचं ठरलं (खेळणं जरासं हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं आणि शेवटी सगळे फोटो भराभर एकामागोमाग दाखवायचे), तेव्हा मी आधी सुईदोराच शोधायला निघाले होते. तुम्ही तसं करू नका. धूळ झटका, बस्स. त्याला कुणीतरी विसरलं होतं, हे तो कानच सांगतो.

गोष्ट एका वाक्यात मावेल एवढीच घ्या. आमचा ससा ट्रंकेतून बाहेर येतो आणि डोळ्याचं हरवलेलं बटण शोधतो.

मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येईल ते) लॉक करा. नाहीतर उजेड फोटोगणिक बदलतो आणि चित्र लुकलुकतं. खिडकीतलं ऊनही सरकत राहतं, म्हणून पडदे ओढून दिव्याच्या उजेडात काम करा. कपडे गडद घाला. पांढऱ्या सदऱ्यावरून परतलेला उजेड खेळण्यावर पडतो.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं असतात, पण एकेक फोटो दोन फ्रेम ठेवला तरी डोळ्याला हालचाल सलग वाटते. म्हणजे सेकंदाला १२ फोटो, २० सेकंदांना २४०. आमचे दोन रविवार गेले.

खरी मेहनत चालवण्यात आहे. कापडी खेळणं उभं राहत नाही. मी ॲल्युमिनियमची मऊ तार त्या उसवलेल्या शिवणीतूनच पायांपर्यंत सरकवली आणि तळव्यांखाली क्लेचे गोळे चिकटवले. हालचाल सुरू होताना खेळणं अगदी थोडं सरकवा, मध्ये जास्त, थांबताना पुन्हा थोडं. सगळीकडे सारखंच सरकवलं तर ते ढकलल्यासारखं दिसतं. उडी मारायच्या आधी दोन-तीन फोटो खाली दबू द्या. बटण दिसल्यावर आम्ही सशाला पूर्ण एक सेकंद स्तब्ध ठेवलं. तिथेच तो विचार करतोय असं वाटतं.

आणि चाल त्याची स्वतःची हवी. लहानपणी मी त्याला कानाला धरून फरफटत न्यायचे. लेकीला ते करून दाखवलं, तर ती म्हणाली, "मग आई, तो त्याच बाजूला झुकून चालेल ना?" फिल्ममध्ये तो तसाच चालतो.

आवाज शेवटी घ्या, खऱ्या वस्तूंचेच. ट्रंकेची कडी आम्ही रात्री, पंखा बंद करून रेकॉर्ड केली.