लिनक्सवर फाइल कॉपी करताना हवे तेवढेच फोल्डर सोबत नेणे

समजा, /होम/घर/फोटो/२०२३/कोकण/समुद्र.जेपीजी ही फाइल बाहेरच्या डिस्कवर न्यायची आहे. नुसत्या 'सीपी'ने (कॉपी करण्याच्या कमांडने) फाइल जाते, पण '२०२३' आणि 'कोकण' मागेच राहतात. दुसऱ्या फोल्डरमधली त्याच नावाची फाइल नंतर त्याच जागी कॉपी केलीत, तर पहिली न विचारता पुसली जाते. म्हणून पाथ (फाइलचा फोल्डरांसकट पूर्ण पत्ता) कुठून कापायचा, हे आधी ठरवा. इथे 'फोटो'पर्यंतचा भाग नको, पुढचा हवा.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.)

एखाद-दुसऱ्या फाइलला 'सीपी' पुरते:

सीडी /होम/घर/फोटो
सीपी -ए --पॅरेंट्स २०२३/कोकण/समुद्र.जेपीजी /मीडिया/डिस्क/बॅकअप

कमांडमध्ये फाइलचा जेवढा पाथ लिहाल, तेवढाच पलीकडे उभा राहतो. 'सीडी' (त्या फोल्डरमध्ये जाणे) न करता /होम पासून लिहिलात, तर बॅकअपच्या आत होम/घर/फोटो असा सगळा गोतावळा तयार होईल. शिवाय 'बॅकअप' हा फोल्डर आधीच असायला हवा; नसेल तर कमांड अडते. तो 'एमकेडीआयआर -पी' या फोल्डर बनवणाऱ्या कमांडने करून घ्या. -ए दिल्याने फाइलची मूळ तारीख टिकते. मॅकच्या 'सीपी'त मात्र --पॅरेंट्स नाही.

स्क्रिप्टमध्ये 'सीडी' नको असेल, तर 'आरसिंक' ही फाइली कॉपी करणारी दुसरी कमांड बरी. कापायच्या जागी /./ लिहायचे:

आरसिंक -ए --रिलेटिव्ह /होम/घर/फोटो/./२०२३/कोकण/समुद्र.जेपीजी /मीडिया/डिस्क/बॅकअप/

त्या टिंबाच्या डावीकडचे गळते, उजवीकडचे राहते. ही सोय २.६.७ आवृत्तीपासून आहे. नुसत्या -ए मध्ये --रिलेटिव्ह येत नाही. ते विसरलात तर टिंबाचा काही उपयोग नाही.

पसरलेल्या फाइलींतून फक्त फोटो उचलायचे, तर 'फोटो' फोल्डरमध्ये उभे राहून यादी 'फाइंड' या शोधणाऱ्या कमांडकडून घ्या:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.जेपीजी' -प्रिंट० | आरसिंक -ए --फ्रॉम० --फाइल्स-फ्रॉम=- . /मीडिया/डिस्क/बॅकअप/

बरेच कॅमेरे नावाची शेवटची अक्षरे मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहितात, म्हणून -नेम ऐवजी लहान-मोठे न पाहणारे -आयनेम. -प्रिंट० आणि --फ्रॉम० ही जोडी तोडू नका: एकच लिहिलेत, तर यादी कुठे तुटते ते 'आरसिंक'ला कळत नाही. 'आजीचा वाढदिवस'सारखी मोकळी जागा असलेली नावे या जोडीमुळे विनातक्रार जातात. पाथ हाताने लिहिताना मात्र ती अवतरणचिन्हांत ठेवावी लागतात. --फाइल्स-फ्रॉम दिले की --रिलेटिव्ह आपोआप लागू होते, पण -ए मधले रिकर्सिव्ह (फोल्डरच्या आतले सगळे नेणे) बंद पडते. यादीत अख्खे फोल्डर असतील, तर -आर वेगळे द्या, नाहीतर रिकामेच फोल्डर पोचतील.

पहिल्या वेळी --ड्राय-रन (प्रत्यक्ष कॉपी न करता चाचणी) आणि -व्ही (नावे दाखवणे) लावून नावे वाचून घ्या. पाथ चुकीच्या जागी कापला असेल तर तिथेच दिसतो.

पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर -ए मुळे फाइलमालक बदलता येत नसल्याच्या तक्रारी येतात आणि 'आरसिंक' २३ हा कोड देऊन थांबते. फाइली बहुधा पोचलेल्या असतात. तरी -ए ऐवजी -आरटी द्या. फॅट३२ वर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, त्यामुळे न बदललेल्या फाइलीही पुन्हा कॉपी होऊ लागतात. तिथे एका सेकंदाचा फरक न धरणारे --मॉडिफाय-विंडो=१ जोडा.