मित्र शुद्धीवर येत नसेल तेव्हा काय करावे : खानदेशातील स्केटबोर्डवाल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

खानदेशात स्केटबोर्ड चालवणारी मुले मोजकीच आहेत. त्यांच्यासाठी खास बांधलेली जागा क्वचितच असल्यामुळे जळगाव, धुळे, भुसावळ यांसारख्या शहरांत ही मुले कॉलनीतला नवा काँक्रीट रस्ता, एखाद्या रिकाम्या संकुलाचे वाहनतळ किंवा सुटीतले शाळेचे पटांगण गाठतात. तिथे प्रशिक्षक नसतो आणि पालकही नसतात. मोठी मुले लहानांना शिकवतात, पडलेल्याला उचलतात आणि खरचटलेल्या कोपरावर पाणी ओततात. याच घोळक्यात एखाद्याने नशेसाठी गोळ्या, खोकल्याचे सिरप किंवा हुंगायचे पंक्चरचे सोल्युशन जास्त घेतले तर सर्वांत आधी हजर असतात ती हीच मुले, आणि बहुधा त्यांना काय करावे हे कोणीच सांगितलेले नसते. अशा वेळी 'झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल' हे वाक्य हमखास ऐकू येते आणि अनेकदा जीव जातो तो याच वाक्यामुळे. म्हणून पुढचा क्रम आधीच वाचून ठेवावा.

आसपास काय फिरते आहे ते ओळखा

वस्तू कोणती घेतली आहे यावर धोका ठरतो. आपल्या भागात सर्वाधिक ओळखीचा आहे तो गांजा. शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पट्ट्यात पोलिसांनी गांजाची शेते उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. निव्वळ गांजाने श्वास बंद पडून मृत्यू येणे अत्यंत दुर्मीळ आहे, मात्र घाबरगुंडी, छातीत धडधड आणि काही मुलांमध्ये भ्रम होतो. खरी चिंता करायची ती गोळ्यांची. धुळे-मालेगाव पट्ट्यात 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाते ती बहुधा अल्प्राझोलाम ही झोपेच्या वर्गातली गोळी असते, तर 'बटन' या नावाखाली तिच्याच जातीच्या इतर गोळ्याही येतात. कोडीनयुक्त खोकल्याचे सिरप आणि ट्रॅमाडोल ही वेदनाशामक गोळी अफूच्या वर्गात मोडतात. ट्रॅमाडोल 2018 साली अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले गेले. एमडी म्हणजे मेफेड्रोन, जे 2015 पासून त्याच कायद्याखाली आहे, ते नेमके उलट वागते : शरीर तापवते आणि हृदयाचे ठोके वाढवते. व्हाइटनर, थिनर आणि पंक्चरचे सोल्युशन सर्वांत स्वस्त असल्याने सर्वांत लहान मुलांच्या हाती लागते. एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा 10 ते 17 वर्षांच्या मुलांत जास्त आढळले होते. नशेच्या इतर कोणत्याही प्रकारात असे चित्र नव्हते.

यातल्या दोन वस्तू एकत्र घेणे हा सर्वांत मोठा धोका आहे, कारण अफूच्या वर्गातले औषध, झोपेची गोळी आणि दारू ही तिन्ही श्वास मंदावतात व एकमेकांचा परिणाम वाढवतात. अमेरिकेतील नामवंत स्केटबोर्डपटू जेफ ग्रोसो 31 मार्च 2020 रोजी वयाच्या 51 व्या वर्षी वारला, तेव्हा मृत्यूचे कारण फेंटानिल (अफूच्या वर्गातले तीव्र औषध) आणि फेनोबार्बिटाल (गुंगी आणणारे औषध) यांचा एकत्रित परिणाम असे नोंदले गेले. ही दोन्ही द्रव्ये श्वास दाबणारीच होत.

नशा आहे की डोक्याला मार आहे, यावर वाद घालू नका

स्केटबोर्डच्या बाबतीत हा पेच नेहमीचा आहे. पडलेला मुलगा असंबद्ध बोलतो, ओकतो, झोपाळतो. ही लक्षणे नशेचीही असतात आणि मेंदूला बसलेल्या हादऱ्याचीही. बरोबरच्यांना त्याने गोळी घेतल्याचे माहीत असेल तर ते डोक्याच्या दुखापतीचा विचारच करत नाहीत आणि माहीत नसेल तर नशेचा विचार करत नाहीत. झोपेच्या गोळीच्या अमलाखाली पडताना हात पुढे येत नाहीत, त्यामुळे तळहात शाबूत राहून हनुवटी आणि कपाळ फुटलेले असू शकते. बरोबर काय ते ठरवणे तुमचे काम नाही. दोन्ही शक्यता धरून चला. मान दुखावली असल्याची शंका असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, फक्त त्याच्यामुळे श्वास अडत असेल तरच काढा, आणि कुशीवर वळवायचे असल्यास दोघा-तिघांनी मिळून डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून वळवा.

पहिली काही मिनिटे

आधी मोठ्याने नावाने हाक मारा आणि खांदे हलवा. घोळक्यातल्याच कोणीतरी घरच्या बोलीत 'काय लिधं रे भो?' (काय घेतलेस रे भाऊ?) असे विचारले तर अर्धवट शुद्धीतला मुलगा उत्तर देण्याची शक्यता जास्त, कारण अनोळखी माणसाने दरडावून विचारलेल्या प्रश्नाला तो गप्प बसतो. उत्तर आलेच नाही तर बोटाच्या सांध्याने छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. त्यावरही तो जागा होत नसेल तर लगेच 108 ला फोन लावा. रुग्णवाहिका मोफत असते. 108 लागत नसेल तर 112 लावा. फोनवर 'बेशुद्ध आहे, श्वास नीट नाही' हे आधी सांगा आणि मग जागेची खूण सांगा. एकाने मुख्य रस्त्यावर जाऊन उभे राहावे.

फोन चालू असतानाच श्वास पाहा. पूर्ण मिनिटभर छातीकडे बघून मोजा : मोठ्या माणसाचा श्वास शांत असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा चालतो. तो 10 पेक्षा कमी झाला असेल, ओठ व नखे निळसर पडली असतील आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या असतील तर अफूच्या वर्गातल्या औषधाची शक्यता मोठी आहे. घोरण्याच्या आवाजाने फसू नका. बेशुद्ध माणसाच्या घशातून येणारा घरघर आवाज म्हणजे गाढ झोप नव्हे. जीभ मागे पडून हवेची वाट अडल्याची ती खूण असते.

श्वास चालू असेल तर त्याला डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, वरचा हात गालाखाली ठेवा आणि डोके किंचित मागे करा, म्हणजे ओकारी झाली तरी ती फुप्फुसात न जाता बाहेर पडेल. एकट्याला सोडू नका. श्वास थांबला असेल आणि नाडी लागत असेल तर त्याला उताणे करून हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि दर 5-6 सेकंदांनी तोंडाने एक फुंकर छाती उचलेल इतकी द्या. अफूच्या वर्गातल्या औषधाने आधी श्वास जातो आणि हृदय मागाहून थांबते, म्हणून या फुंकरींनीच जीव वाचू शकतो. नाडी लागत नसेल किंवा लागते की नाही ते कळत नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्या आणि दर 30 दाबांनंतर दोन फुंकरी द्या. नंदुरबारच्या डोंगराळ भागातल्या अक्राणी, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांपर्यंत गाडी चढायला वेळ लागतो. तिथे हे काम पाळीपाळीने, न थांबता करत राहावे लागते.

आता काय करू नये ते. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. लिंबू, ताक, काळी कॉफी काही पाजू नका, कारण बेशुद्ध माणसाच्या घशात गेलेला घोट थेट फुप्फुसात उतरतो. तोंडावर चपराकी मारत बसू नका आणि त्याला दोघांच्या खांद्यावर टाकून चालवू नका. झटके आले तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा आणि दातांत चमचा घालण्याचा जुना उपाय पूर्ण सोडून द्या; आसपासच्या टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली दप्तर ठेवा आणि झटका ओसरला की कुशीवर वळवा.

सोल्युशन किंवा थिनर हुंगलेल्या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्या वाफांमुळे हृदय अतिसंवेदनशील झालेले असते, आणि अशा वेळी दचकणे, धावणे किंवा जोरात बोर्ड हाणणे यामुळे ठोका बिघडून पहिल्याच वेळी हुंगणाऱ्याचाही मृत्यू होऊ शकतो. म्हणून त्याच्यावर ओरडू नका आणि त्याचा पाठलाग तर मुळीच करू नका. शांतपणे मोकळ्या हवेत बसवा आणि जवळ काडी पेटवू नका. एमडी घेतलेल्याला मात्र तापाचा धोका असतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तापलेल्या काँक्रीटवर खेळणाऱ्याचे शरीर थंड होऊ शकत नाही. त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. छातीत दुखत असेल किंवा तो बरळत असेल तर रुग्णालय गाठण्याला पर्याय नाही.

रुग्णालयात खरे सांगा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे पोहोचल्यावर काय घेतले, किती घेतले, केव्हा घेतले आणि त्यासोबत दारू होती का, एवढे चार प्रश्न विचारले जातील. रिकामे पाकीट किंवा बाटली बरोबर न्या. अफूच्या वर्गातल्या औषधावर नॅलॉक्सोन नावाचे इंजेक्शन उतारा म्हणून काही मिनिटांत काम करते, पण झोपेच्या गोळ्यांवर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून खोटे सांगितल्यास उपचार चुकतो. नॅलॉक्सोनचा अंमल साधारण 30 ते 90 मिनिटे टिकतो, तर पोटातले औषध त्याहून अधिक काळ. त्यामुळे मुलगा उठून बसला आणि 'मला घरी जायचे' म्हणू लागला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेआधी त्याला हलवू नका.

पळून जाण्यामागे भीती असते ती पोलिसांची, आणि ती निराधार नाही. विषबाधेच्या रुग्णाची पोलिसांकडे नोंद होऊ शकते. तरीही कायद्यात एक दार उघडे ठेवलेले आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ नुसार स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. विक्रेत्याला मात्र ही सवलत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

नंतरचे बोलणे आणि उपचार

पालकांनी पहिल्या रात्री काही विचारू नये. दोन दिवसांनी, भाऊबंद जमवून नव्हे तर एकट्याने, 'काय पाहिले' तेवढेच सांगावे आणि मग गप्प बसून ऐकावे. बोर्ड मोडणे किंवा जाळणे हा संतापाचा उपाय घरोघर केला जातो. माझ्या मते तो चुकीचा आहे, कारण मुलाची दिवसातली एकमेव निरोगी सवय आपण आपल्या हाताने काढून घेतो आणि उरतात ते रिकामे तास.

घरात कोंडून अचानक सर्व बंद करणेही धोक्याचे. दारू आणि झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने त्या एकदम सोडल्या तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक 14446 आणि मनोविकारांसाठीचा टेलि-मानसचा 14416 उपयोगी पडतात. व्यसनमुक्ती केंद्र निवडताना नोंदणी, मनोविकारतज्ज्ञांची उपस्थिती आणि भेटीची वेळ विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाधीनताही येते आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे; मारहाणीला 'शिस्त' म्हणणाऱ्या केंद्रातून मुलाला त्याच दिवशी बाहेर काढावे.

परत येणारा मुलगा

उपचारानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वी पचणारे प्रमाण आता जीवघेणे ठरते. हे त्याला स्वतःला, आणि घोळक्यालाही, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. त्याला एकट्याला जुन्या अड्ड्यावर पाठवू नका. दुसऱ्या जागी, दिवसाउजेडी, दोघे-तिघे मिळून खेळा. जगातल्या अव्वल स्केटबोर्डपटूंपैकी एक असलेला ख्रिश्चन होसोई 2000 साली हवाईतील होनोलुलू विमानतळावर मेथ (मेथॅम्फेटामाइन) या उत्तेजक अमली पदार्थासह पकडला गेला, 2004 मध्ये तुरुंगातून सुटला आणि पुन्हा बोर्डवर उभा राहिला. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात 2015 मध्ये स्केटपार्क उभा राहिला, तेव्हा 'शाळा नाही तर स्केटिंग नाही' हा नियम ठेवला होता. आपल्या घोळक्यानेही नशा करून बोर्डवर पाय ठेवायचा नाही असा नियम स्वतःच ठरवला तर तो बाहेरच्या कोणाच्या व्याख्यानापेक्षा अधिक पाळला जातो.

अशा मुलाचे खेळताना हाड मोडल्यावर डॉक्टरांना त्याच्या व्यसनाचा पूर्वेतिहास आधीच सांगा आणि ट्रॅमाडोलऐवजी दुसरी वेदनाशामक गोळी चालेल का, ते विचारा. तीच द्यावी लागली तर ती किती दिवस घ्यायची हे लिहून घ्या, पाकीट आईने किंवा मोठ्या बहिणीने आपल्याजवळ ठेवावे आणि उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवू नयेत. मनगटाच्या किंवा घोट्याच्या प्लास्टरचे पाच-सहा आठवडे हा मुलगा खेळाविना घरी बसतो, तेव्हा मित्रांनी त्याच्याकडे संध्याकाळी जायला हवे.