संगीत विभागातील दोन वर्षे कशी वापरावीत

एम. ए. संगीताला प्रवेश घेणारा विद्यार्थी बहुधा आठ-दहा वर्षे गुरूंकडे शिकून आलेला असतो, अनेकदा गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही परीक्षाही उत्तीर्ण झालेला असतो, आणि विद्यापीठाचा संगीत विभाग म्हणजे आपल्या क्लासची जरा मोठी शाखा असेल अशा समजुतीने पहिल्या दिवशी येतो. ही समजूत जितकी लवकर सुटेल तितके बरे. गळा तयार होतो तो गुरूंसमोर आणि घरच्या रियाजात. विभागाकडून मिळतात ते जुळवलेले तानपुरे, संगतीला तबला-पेटी, ग्रंथालय, विचार करायला लावणारे अध्यापक आणि आपल्यासारखेच धडपडणारे दहा-पंधरा जाणकार कान. हे सगळे एका छताखाली पुन्हा सहसा मिळत नाही, आणि हाताशी सत्रे असतात फक्त चार.

प्रवेशापूर्वी विभागाचा स्वभाव पाहून घ्यावा, कारण सगळे विभाग एका साच्यातले नाहीत. पुणे विद्यापीठातील ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले ते गुरुकुल पद्धतीचे नाव घेऊन, आणि तेथे गुरूंकडील तालमीला शिक्षणातच स्थान आहे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे हे गायक असले तरी संगीतशास्त्रज्ञ म्हणून अधिक ओळखले गेले. एसएनडीटीच्या संगीत विभागाच्या प्रमुखपदी प्रभा अत्रे यांच्यासारख्या मैफलीच्या कलावती होत्या. आज या विभागांत कोण शिकवते, हे मात्र स्वतः जाऊन पाहावे. कामकाजाच्या एखाद्या दुपारी परवानगी घेऊन तासाला बसावे आणि कोपऱ्यातल्या तानपुऱ्यांकडे नीट पाहावे. गवसण्यांवर धूळ असेल आणि तास इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावरच चालत असेल, तर माहितीपत्रकापेक्षा त्यातून अधिक कळते.

प्रवेश झाला की पहिल्या महिन्यात तानपुरा हाताने जुळवायला शिकावे. मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर वाढलेल्या पिढीला हे काम किचकट वाटते, पण स्वरज्ञानाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. आधी मधल्या दोन जोडीच्या तारा आपल्या षड्जाला लावाव्यात, मग चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, आणि शेवटी पहिली पंचमाला. मालकंसासारख्या पंचम न लागणाऱ्या रागात तीच तार मध्यमाला, तर मारव्यात बहुधा निषादाला लावली जाते. तार अपेक्षित स्वराच्या किंचित खाली ठेवून खुंटीने हळूहळू वर आणावी आणि शेवटचा केसभर फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढावा. त्यानंतर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुती दोरा जरा जरा सरकवत राहावे. एका विवक्षित जागी तार अचानक मोकळी होते, तिचा आवाज लांबतो आणि खर्जातून गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. तो गंधार ऐकू येईपर्यंत गायला बसू नये. सुरुवातीला यात अर्धा तास जातो, दिवाळीपर्यंत दहा मिनिटांवर येतो. एक व्यवहाराची सूचना अशी की, मधली सुटी होताच सगळे रियाजासाठी खोल्या पकडायला धावतात. सकाळी तास सुरू होण्यापूर्वीचा पाऊण तास बहुतेक ठिकाणी रिकामा असतो.

अभ्यासक्रमात प्रत्येक सत्राला काही राग सविस्तर आणि काही तोंडओळखीपुरते असतात. ते यादीच्या क्रमाने न करता जोड्या लावून करावेत, असे माझे ठाम मत आहे, आणि ते फजितीतून आलेले आहे. पहिल्या सत्राच्या मौखिक परीक्षेत मला देसकार गायला सांगितले. मी सुरुवात केली, दोन मिनिटांनी परीक्षकांनी हात वर केला आणि शांतपणे विचारले, ‘‘सकाळी सकाळी भूप का गाताय?’’ देसकार सकाळचा राग, भूप रात्रीचा. स्वर दोन्ही रागांचे तेच, सा रे ग प ध. चूक एकाही स्वराची नव्हती. पण मी पुनःपुन्हा गंधारावर येऊन थांबत होतो आणि ‘ग रे सा’ असा ऋषभाला प्रशस्त जागा देत उतरत होतो. भूपात वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आहे आणि रागाची चाल, म्हणजे चलन, पूर्वांगात, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमते. देसकारात वादी धैवत आहे, राग वरच्या अंगाने बोलतो आणि ऋषभावर रेंगाळत नाही. हे मी लेखी परीक्षेत बिनचूक लिहिले होते, गळ्यात मात्र ते नव्हते. तेव्हापासून मी एकाच बैठकीत दहा मिनिटे भूप आणि लगेच दहा मिनिटे देसकार असा रियाज करू लागलो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांसाठी, तसेच दरबारी आणि अडाणा यांच्यासाठीही हीच रीत उपयोगी पडते.

गुरूंची तालीम आणि विभागाचा अभ्यासक्रम यांची ओढाताण जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. गुरूंनी सहा महिने एकच तोडी चालवलेली असते आणि विभागाला त्याच काळात आठ राग हवे असतात. यावर लपवाछपवी हा सर्वांत वाईट उपाय आहे. सत्राच्या आरंभी रागांची यादी गुरूंसमोर ठेवावी, त्यातील एक-दोन राग त्यांच्याकडून सविस्तर घ्यावेत आणि उरलेल्यांच्या बंदिशी विभागातून शिकाव्यात. एकाच रागाचे चलन दोन ठिकाणी वेगळे सांगितले गेले, तर कोण बरोबर या वादात न पडता दोन्ही पाठ टिपून ठेवावेत. शोधनिबंधाचा विषय पुष्कळदा अशा टिपणातूनच मिळतो.

लेखी परीक्षेविषयी थोडक्यात सांगता येईल. आठवड्याला एक बंदीश ध्वनिमुद्रणावरून ऐकून स्वतः स्वरलिपीत उतरवावी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकातील स्वराला खाली व तार सप्तकातील स्वराला वर बिंदू, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिलेचे चिन्ह आणि ‘खाली’ला, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेला, शून्य अशी खूण असते. पलुस्कर पद्धतीच्या खुणा वेगळ्या आहेत आणि एका उत्तरात दोहोंची मिसळ करू नये. मुखडा, म्हणजे बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ, कितव्या मात्रेपासून उठतो, हे लिहून झाल्यावर हाताने टाळी देत तपासावे. सर्वाधिक चुका तेथेच सापडतात.

पारितोषिकांची सुरुवात बहुधा युवा महोत्सवातून होते. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की राज्यातील विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ आणि भारतीय विश्वविद्यालय संघाचे विभागीय व राष्ट्रीय महोत्सव असा मार्ग खुला होतो. शास्त्रीय गायनाला तेथे साधारण पंधरा मिनिटे मिळतात. नियमावली मात्र दरवर्षी नव्याने वाचावी. या पंधरा मिनिटांचा हिशेब घड्याळ लावून करावा लागतो. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाची मात्रा चार सेकंदांची धरली, तर बारा मात्रांचे एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते, म्हणजे दहा आवर्तनांना आठ मिनिटे. आरंभीच्या आलापाला एक मिनिट, विलंबिताला आठ, द्रुत त्रितालाला पाच आणि एक मिनिट हातचे, अशी वाटणी केली म्हणजे घंटा वाजण्यापूर्वी समेवर येता येते. पाचव्या आवर्तनापर्यंत तार षड्ज लागलाच पाहिजे, नाहीतर द्रुत उरकल्यासारखे होते. आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या स्वराला आपण षड्ज धरतो ती, काळी एक आहे की काळी चार, हे तबलजींना आदल्या दिवशी कळवावे. स्पर्धेच्या ठिकाणी योग्य पट्टीचा तबला मिळेल या भरवशावर राहू नये.

चषकांच्या पलीकडच्या कामांना दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच लागावे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी असून ती दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये देते, आणि तिच्यासाठी गुरूंकडे किमान पाच वर्षांचे शिक्षण दाखवावे लागते. अध्यापनात जायचे असेल, तर नेट परीक्षेत दोन पेपर मिळून दीडशे प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. संगीताचा विद्यार्थी घसरतो तो बहुधा सामान्य स्वरूपाच्या पहिल्या पेपरात, म्हणून त्याची तयारी आधी करावी. आकाशवाणीची श्रवणचाचणी देणाऱ्यांनी ‘बी’ श्रेणी मिळाली म्हणून हिरमुसू नये. श्रेणीवाढीसाठी पुन्हा चाचणी देता येते.

प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, प्रमाणपत्र आणि ध्वनिमुद्रण तारखेसह एकाच ठिकाणी जपावे. शेवटच्या सत्रातील मंचप्रदर्शन तर मुद्दाम दोन यंत्रांवर मुद्रित करावे, कारण एक यंत्र ऐन वेळी बंद पडते हा माझा अनुभव आहे. ते मुद्रण काटछाट न करता ठेवावे आणि महिनाभराने, टाळ्यांचा प्रभाव ओसरल्यावर, गुरूंसमोर बसून सलग ऐकावे.