रुग्णाला चूक सांगताना या चुका टाळा

रात्रपाळीत एका आजींना शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं इंजेक्शन दिलं गेलं. अंगभर गांध्या उठल्या, उपचारांनी उतरल्याही. सकाळी लेकीला मी ‘थोडी रिअ‍ॅक्शन आली होती’ एवढंच सांगितलं. दुपारी तिला वॉर्डातल्या मावशींकडून खरं कळलं. सिंहगड रोडवरून आणलेला डबा हातात तसाच धरून ती म्हणाली, “चूक होते, सिस्टर. पण सकाळी तुम्ही माझ्याशी बोललात ना?”

पुण्यातल्या वॉर्डांत इतकी वर्षं काढल्यावरही ते वाक्य मला सुटत नाही.

‘सगळे रिपोर्ट येऊ देत, मग सांगू’ ही सगळ्यात मोठी चूक. जेवढं कळलंय तेवढं त्याच दिवशी सांगा: काय झालं, आत्ता पेशंट कसा आहे, त्यावर काय करतोय, पुन्हा कधी बोलू. आणि ती वेळ पाळा.

‘कॉम्प्लिकेशन’ शब्दाआड लपू नका. ऑपरेशननंतर जखमेत पू होणं हा आधी सांगितलेला धोका असू शकतो. दुसऱ्याचं इंजेक्शन देणं ही चूकच.

एकट्या आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला, पुढे करू नका. मुख्य डॉक्टरांनी स्वतः यावं, लिफ्टपाशी उभ्याउभ्या न सांगता खोलीत बसून सांगावं.

‘माफी मागितली की केस होते’ ही भीती मला समजते. पण अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी 2001 पासून चुका मोकळेपणानं सांगायला, जिथे द्यायला हवी तिथे भरपाई द्यायला सुरुवात केली. तिथले दावे वाढले नाहीत, कमी झाले. इंग्लंडमध्ये तर 2014 पासून हे सांगणं रुग्णालयांना कायद्यानं बंधनकारक आहे.

केसपेपरवर व्हाइटनर नको, मागाहून घातलेल्या ओळी नकोत. दुरुस्ती करायचीच तर मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारा. शेजारी तारीख, वेळ, सही. मागितल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यावं, असं भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 चे नियम सांगतात. नातेवाईक ते वाचणारच.

आणि डिस्चार्जआधी बिल बघा. आजींच्या बिलात गांध्यांवरची दोन्ही इंजेक्शनं लागली होती. लेकीनं त्या ओळींवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.