कोल्हापुरात खायला येताय? वार, वेळ आणि ताटाचा क्रम

कोल्हापूरला मटण खायला यायचं तर आधी वार बघा. इथल्या बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळतात. त्या दिवशी मटणाच्या दुकानांत गर्दी नसते, काही खानावळी बंद असतात आणि उघड्या असतात तिथेही रोजचा उठाव नसतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खरे मटणाचे वार. रविवारी माल उत्तम, पण नावाजलेल्या ठिकाणी दुपारी एक वाजता गेलात तर तासभर उभं राहायची तयारी ठेवा. बाहेरगावच्या माणसाला बुधवार सगळ्यात सोयीचा: मटण ताजं, रांग छोटी, आणि वाढणाऱ्याला दोन शब्द बोलायला सवड.

श्रावणात मटणासाठी मुद्दाम येऊ नका. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या भाविकांनी शहर भरलेलं असतं. राहायची खोली आणि जेवायचं टेबल दोन्ही अवघड. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेच्या पाण्याची चौकशी करा. २०१९ च्या पुरात महामार्गच बंद पडला होता.

मटणाचं ताट

ठिकाणं दोन तऱ्हेची आहेत. एक, बसायला ऐसपैस, घरच्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन जाण्यासारखी हॉटेलं: जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावरचं ओपल, स्टेशनच्या बाजूचं परख, तसंच देहाती. दुसरी, खानावळीच्या वळणाची. त्यात लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस जुनं आणि नावाजलेलं. पहिल्यांदा येत असाल आणि एकच जेवण हातात असेल तर दुसऱ्या तऱ्हेचं ठिकाण निवडावं. तिथे पदार्थांची यादी लहान असते, सगळे तेच खातात, त्यामुळे रस्सा भांड्यात शिळा होत बसत नाही. पंजाबी, चायनीज आणि कोल्हापुरी एकाच कार्डावर दिसलं की तिथे रस्स्याला दुय्यम जागा आहे असं खुशाल समजावं.

वेळ दुपारची साडेबारा किंवा रात्रीची आठ. दुपारी तीननंतर जाण्यात अर्थ नाही. मुंडी, पाया, रक्ती (शिजवलेलं रक्त) यांतलं काही हवं असेल तर दुपारीच जा आणि बसल्याबसल्या विचारा. हे पदार्थ थोडेच होतात आणि आधी संपतात.

ताटात साधारण हे येतं: सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, कांदा-लिंबू, दही-कांदा आणि शेवटी भात. 'स्पेशल' ताटात खिम्याची वाटी किंवा अंडं जास्त असतं. दोघांनी एक साधं आणि एक स्पेशल घेतलं की सगळं चाखून होतं. रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तितका वाढतात, सुकं मात्र मोजून. तरी बसतानाच विचारून घ्या, म्हणजे बिलाच्या वेळी वाद नको.

आता क्रम. पांढरा रस्सा आधी, आणि तोही प्यायचा. भाकरी मोडण्याच्या आत वाटी तोंडाला लावा. हा रस्सा म्हणजे मटण शिजवलेलं अळणी, म्हणजे तिखट न घातलेलं पाणी. त्यात नारळाचं दूध, खसखस, पांढरे तीळ, काजू किंवा मगजबीचं वाटण आणि लवंग, वेलदोडा, दालचिनी यांची फोडणी. त्याची परीक्षा डोळ्यांनी होते. वाटी हातात धरवत नाही इतकी गरम हवी, रंग दुधाळ, वर तेलाचे मोजके ठिपके. खाली पाणी आणि वर पांढरी कणी तरंगत असेल तर रस्सा फुटलाय: नारळाचं दूध घातल्यावर तो खदखदून उकळला किंवा पुन्हापुन्हा तापवला. ओठांना चिकटत असेल आणि चमच्यावरून ओघळत नसेल तर काजूचं किंवा पिठाचं प्रमाण वाढलंय. पांढरा पाण्यासारखा पातळच असतो. घट्ट आणि गोडसर झाला की तो कुर्मा, मग त्याला रस्सा म्हणू नये.

तांबडाही पातळच. त्याचा रंग भडक लाल नसतो, विटकरीकडे झुकतो, कारण तो भाजलेलं खोबरं, कांदा आणि आमच्या चटणीतून येतो. कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे लक्षात ठेवा. वाढणारा "चटणी जास्त आहे" म्हणाला तर तो तिखटाबद्दल सांगतोय. चटणीत ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. चांगला तांबडा आधी खोबऱ्याची आणि लसणाची चव देतो, तिखट मागून घशात चढतं. पहिल्या घोटालाच जीभ भाजली आणि दुसरी कसली चवच कळली नाही, तर तो नुसत्या मिरची पुडीवर उभा केलेला रस्सा. मागे कडवटपणा राहिला तर खोबरं करपलंय. जेवून हात धुतल्यावर बोटं गुलाबी राहिली तर रंग घातलाय. तिथे पुन्हा जाऊ नका.

सुक्क्यासोबत भाकरी घ्या, शक्य तर शाळूची (रब्बी ज्वारीची), आणि एका वेळी एकच मागवा. गरम भाकरी रस्सा पिते, गार झालेली चामट होते. अर्धी भाकरी सुक्क्याशी, उरलेली तांबड्यात चुरून. भाताला दोन्ही रस्से एकत्र करून घेतात इथे, आणि ते फार छान लागतं. तांबड्याचा जोर पांढऱ्यानं निम्मा होतो आणि मसाल्याचा वास वर येतो.

तिखट सोसत नसेल तर लाजू नका, "अळणी मिळेल का?" विचारा. चटणी न घालता हळद, आलं-लसूण आणि मिठात शिजवलेलं मटण म्हणजे अळणी. घरोघरी लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना हेच देतात, त्यामुळे मागण्यात कमीपणा नाही. तोंड पोळलं तर पाणी पिऊ नका. तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. दही, ताक किंवा पांढऱ्याचा घोट कामाला येतो. आणि "एकदम तिखट करा" असं सांगून तर कधीच बसू नका. वेगळं तिखट कोणी शिजवत नाही, वरून कच्ची चटणी पडते आणि ताटाची चव जाते.

मिसळ सकाळीच

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं उतरलात तर सामान खोलीवर टाकून थेट मिसळीला जा. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, अंबाबाईच्या देवळाजवळची चोरगे आणि खासबागेतली खासबाग ही चार नावं ज्याच्या त्याच्या तोंडी असतात. कुठली श्रेष्ठ यावर शहरात एकमत होणार नाही. पाहुण्यानं सोय बघावी: देवदर्शनाला जोडून चोरगे, न्यू पॅलेस बघायला जाणार असाल तर त्याच रस्त्यानं पुढे बावडा, निव्वळ मिसळीसाठी निघालात तर फडतरे. साडेआठ ते दहा ही वेळ धरा. दुपारपर्यंत कट, म्हणजे मिसळीवर ओतायचा तिखट रस्सा, संपत येतो, आणि तळाचा कट तेलकट आणि खारट लागतो. सुट्टीचा वार दुकानागणिक वेगळा, तो आदल्या दिवशी विचारून ठेवा.

कोल्हापुरी मिसळीत मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वर चिवडा-शेव, कांदा-कोथिंबीर, आणि त्यावर कट. पुण्यासारखे पोहे नसतात, गोडसरपणाही नसतो. सोबत स्लाइस ब्रेड; पाव मागायच्या फंदात पडू नका. पातळ स्लाइस कट सगळीकडून सारखा शोषून घेतो, पाव मात्र आत कोरडाच राहतो.

खायची रीत अशी: डिश समोर आली की आधी नुसता कट चमचाभर चाखा. मग लिंबू पिळा, आणि डिश एका कडेनंच कालवायला घ्या. सगळी एकदम कालवली तर शेव दोन मिनिटांत लगदा होते. कट कमी झाला की "कट वाढा" म्हणा, तो पुन्हा मिळतो. ब्रेड दोनवर थांबवा. कटाच्या नादानं चार-पाच स्लाइस पोटात जातात आणि मग दुपारच्या ताटाला माणूस अर्ध्यावर हात टेकतो. एकाच दिवशी मिसळ आणि मटण दोन्ही करायचं असेल तर दोघांत एक मिसळ पुरे, मध्ये चार तास जाऊ द्या.

वडाही इथे ब्रेडबरोबर खातात. कट वडा हा त्याचाच भाऊ, कटात बुडवलेला. मिसळ खाल्ली असेल तर तो दुसऱ्या दिवसावर ठेवा.

संध्याकाळ

सहानंतर खासबागेकडे. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं कुस्तीचं मैदान बघा आणि जवळच राजाभाऊंची भेळ खा. जागेवर उभं राहूनच खा. बांधून नेली की चुरमुरे मऊ पडतात. रंकाळ्याच्या चौपाटीवरही गाड्या आहेत, हवेसाठी जरूर जा, भेळेसाठी खासबागच. दावणगिरी लोणी डोसा जागोजागी मिळतो, मुलांना आवडतो. शेवट गोड करायचा तर सोळंकीकडचं कॉकटेल: फळांच्या फोडी, जेली, आइसक्रीम आणि सुकामेवा. नावाला घाबरू नका, त्यात दारू नसते.

गंगावेशीतला दूध कट्टा मात्र चुकवू नका. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात, त्यांत डोक्यापासून मागे खांद्यापर्यंत गेलेल्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी ओळखू येतात. तुमच्यासमोर कासेतून धार काढतात आणि वर बोटभर फेस आलेला कोमट पेला हातात देतात. तालमीतल्या पैलवानांचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं दूध. पण ते न तापवलेलं असतं, हे नीट ध्यानात घ्या. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्क आणि नाजूक पोटाची माणसं यांनी पिऊ नये. त्यांच्यासाठी घेऊन तापवून द्यावं. मिसळ किंवा मटणावर लगेच कोणीच पिऊ नये.

मटण न खाणाऱ्यांसाठी

'व्हेज कोल्हापुरी' मागवू नका. लाल ग्रेव्हीतली ती मिश्र भाजी हॉटेलवाल्यांच्या कार्डावरची आहे, इथल्या घरात ती कोणी करत नाही. मागवायचं ते अख्खा मसूर, भरलं वांगं, झुणका, भाकरी आणि खर्डा. खर्डा म्हणजे हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावर भाजून रगडलेलं. नखाएवढा घ्या, वर तेल किंवा दही घालून. अख्खा मसूर तव्यावरून आल्याआल्या खावा, गार झाला की घट्ट बसतो.

पाळायच्या वारी गावाबाहेर पडावं. पन्हाळा साधारण २० किलोमीटर. गडावर बायका चुलीवर भाकऱ्या थापून झुणका, खर्डा आणि मडक्यातलं दही देतात. ज्या मावशींच्या तव्यावर भाकरी आहे तिथेच बसा, थापून ठेवलेल्या चळतीपाशी नको. जोतिबा वाटेवरच, पण रविवारी तिथे गर्दी उसळते. नृसिंहवाडी ४५ किलोमीटरच्या आसपास. तिथली बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घ्यावी. पौर्णिमेला आणि गुरुवारी रांगा मोठ्या. बासुंदी तिथेच खा, उन्हाळ्यात गाडीतून आणलेली आंबते.

घरी काय न्यायचं

चटणी आणि गूळ. चटणी पाव किलोच घ्या. ताजी असेपर्यंतच तिचा वास. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिळते. पुडा उघडून वास घेऊ देत असतील तिथे घ्या: लसूण आणि खोबरं आधी यायला हवं, खवट वास आला तर खोबरं जुनं आहे. घरी काचेच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचा खडा ठेवा, चमचा कोरडा वापरा. अर्धा किलो मटणाला दोन मोठे चमचे पुरतात. चटणीत मीठ असतंच, म्हणून रस्सा उकळून चाखल्यावरच वरून मीठ घाला. पहिल्यांदा करणाऱ्यांचा रस्सा खारट होतो तो इथेच.

कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्या दिवसांत एखादं गुऱ्हाळ बघता आलं तर काहिलीजवळची (रस आटवायच्या मोठ्या कढईजवळची) गरम काकवी, म्हणजे पातळ गूळ, जरूर चाखा. गूळ घेताना फिकट पिवळ्या, लख्ख ढेपेला भुलू नका. इतका उजळ रंग बहुधा रसायनानं आणलेला असतो. तपकिरी छटेचा, फोडल्यावर आत कणीदार दिसणारा घ्या. कणी जिभेवर ठेवा. खारट लागला तर घेऊ नका. एक किलोचा रवा, म्हणजे छोटी ढेप, प्रवासाला सोयीचा. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, तेव्हा कागदात गुंडाळून वर घट्ट पिशवी बांधा, आणि घरी गेल्यावर आधी तोच बाहेर काढून डब्यात ठेवा.