कोपऱ्यावरचा कचरा थांबवायचा असेल तर

गल्लीच्या तोंडाशी सकाळी एक पिशवी पडली की संध्याकाळपर्यंत पाच होतात. घाण दिसली की आपलाही हात सैल सुटतो. त्यामुळे नुसती पाटी लावून भागत नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळात आम्ही जागा धुतली, रांगोळी काढली, दोन जड कुंड्या ठेवल्या (हलक्या कुणीतरी उचलून नेतं) आणि वर दिवा लावला, कारण बऱ्याच पिशव्या अंधारातही पडतात.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी कुणीतरी तिथे थांबा. भांडू नका; कचरा न्यायला येणाऱ्या ताईंची वेळ सांगा. बहुतेकांची तीच चुकलेली असते. ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड) आणि विशेष काळजीचा (जुनी औषधं, बल्ब) कचरा वेगळा द्यायचा, हा २०२६ पासूनचा नियमही तेव्हाच समजावता येतो. आता त्याच कोपऱ्यावर आजोबा खुर्ची टाकून बसतात.